लुगडं घोट्यापर्यंत: महाड, १९२७

पाणवठा

'फॅशनमधून बंड करणाऱ्या बायका' म्हटलं की यादी ठरलेली असते. विजार घालून पॅरिसभर हिंडणारी लेखिका, कॉर्सेटला रजा देणारी फ्रेंच शिंपीण, पुरुषी कोट-टोपीतली हॉलिवूडची नटी. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. पण या यादीत महाड कधीच नसतं, म्हणून हा धागा.

डिसेंबर १९२७ ची महाडची परिषद आपल्याला ठाऊक असते ती मनुस्मृती दहनामुळे. ते २५ तारखेला झालं. त्याआधी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. डिसेंबरात कोर्टाची मनाई आली आणि पाणी न पिता मिरवणूक काढून लोक परतले. परिषदेला जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली, हेही बऱ्याच जणांनी वाचलं असेल. परिषद आटोपता आटोपता बाबासाहेब खास बायकांसाठी बोलले. त्या भाषणाबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो, आणि बोललो तरी 'मुलींना शिकवा' एवढंच सांगून पुढे जातो.

मुलींना शिकवा हे त्यात होतंच. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, हेही होतं. पण भाषणाचा चांगला मोठा भाग कपड्यांवर आणि दागिन्यांवर आहे. लुगडं नेसायची तुमची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष आहे, ती पुसा, असं त्यांनी सांगितलं. तोवर महार बायकांचं लुगडं पोटऱ्या उघड्या राहतील इतकं वर असायचं. ते घोट्यापर्यंत आणा. गळ्यात गळसऱ्यांची चळत नको, एक पुरे. हातात कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या गोठ-पाटल्या कशाला? घालायचं तर सोनं घाला, नसेल तर काही घालू नका. कपडा फाटका असला, ठिगळाचा असला तरी चालेल, पण स्वच्छ असू दे. आणि कुठला कपडा नेसायचा, कुठल्या धातूचा दागिना घालायचा, यावर कुणाचीही मनाई चालवून घेऊ नका.

मग जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे परिषदेतले कायस्थ सहकारी. त्यांच्या घरच्या बायका पुढे झाल्या आणि परिषदेला आलेल्या बायकांना नव्या तऱ्हेने लुगडं नेसवून दाखवलं. परिषदेहून परतताना बायकांच्या निऱ्या घोट्यापर्यंत होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना शोधून काढून त्यांच्याकडून हा सगळा इतिहास लिहून घेतला, नाहीतर तो कधीच पुसला गेला असता.

आता माझं म्हणणं. लांबून येणारी बाई कोण आहे हे तिचं तोंड दिसायच्या आधी तिच्या पोटऱ्यांवरून आणि हातातल्या कथलावरून कळायचं. ते कळलं की पुढचं सगळं ठरलेलं. पाणवठ्यावर तिने किती लांब उभं राहायचं, दुकानदार पैसे हातात घेणार की खाली ठेवायला सांगणार, रस्त्यावर बाजूला कुणी व्हायचं. बाकीच्या जगात फॅशनचं बंड म्हणजे चारचौघींहून निराळं दिसणं. महाडच्या बायकांनी चारचौघींसारखं दिसून बंड केलं. त्याला काही कमी धाडस लागलं असेल असं मला वाटत नाही. परिषदेत हजारो लोक होते, पण गावी परतल्यावर त्या लुगड्यात पाटलाच्या वाड्यावरून एकटीनेच जायचं होतं.

तुम्हाला काय वाटतं? आणखी उदाहरणं असतील तर द्या.

दुपारची_झोप

वाचतेय. चवदार तळ्याचा धडा आम्हालाही होता. त्यात बायका होत्या असं काही आठवत नाही.

शंकासुर

लेख आवडला, पण दोन गोष्टी खटकल्या.

एक, हे अनुकरण आहे. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, म्हणजे 'चांगलं काय' हे त्याच जातीने ठरवलेलं मान्य करून टाकलं. समाजशास्त्रात याला 'संस्कृतीकरण' म्हणतात. दोन, सांगणारा पुरुष. बाबासाहेबांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण व्यासपीठावरून एक पुरुष सांगतो की पदर असा, निऱ्या अशा, गळ्यात एवढंच, आणि बायका लगेच ऐकतात, तर त्यात बायकांचं स्वतःचं काय? मला यात शिस्त दिसते. बंड दिसत नाही. धाग्याला 'चळवळीचा पोशाख' म्हणा, मी भांडणार नाही.

कापडबाजार

थोडं कापडाच्या बाजूने. (आमचा धंदाच तो.)

नऊवारी पोटरीपर्यंत नेसली काय आणि घोट्यापर्यंत नेसली काय, कापड तेच. फरक पडतो तो कमरेला किती घ्यायचं, निऱ्या किती खाली सोडायच्या आणि कासोटा किती ओढायचा याने. पण गरिबाघरी पुरती नऊ वार असतीलच असं नाही. शिवाय खाली सोडलेलं लुगडं काठाला लवकर फाटतं, चिखल धरतं, धुवायला जड पडतं. ज्या बाईकडे दोनच लुगडी आहेत तिला ही 'पद्धत' फुकटात पडलेली नाही.

आणि भाताच्या लावणीला घोट्यापर्यंत लुगडं नेसून खाचरात उतरून दाखवा म्हणावं. काम करणारी बाई वर खोचणारच, जात कुठलीही असो. शंकासुर, म्हणून मला अनुकरणाचा मुद्दा जरा उथळ वाटतो. शेतात खोचायचं आणि बाजारात सोडायचं, हे कुणबी बाई करतच होती. महार बाईला बाजारातही सोडायची सोय नव्हती. भांडण नेसायच्या तऱ्हेचं कमी आणि ती तऱ्हा बदलायच्या मोकळीकीचं जास्त आहे.

किनारपट्टी

कापडबाजार यांना +१.

आमच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या अजून गुडघ्याच्या जरा खाली संपणारं लुगडं नेसतात. घट्ट कासोटा, वर चोळी, खांद्यावरून फडकी. त्या तशा मासळी बाजारात बसल्या की कुणाची टाप आहे त्यांना काही बोलायची! अंगावर सोनं इतकं की गिऱ्हाईक घासाघीस करायच्या आधी दोनदा विचार करतं. म्हणजे लुगड्याची उंची साधारण तीच, पण कोळणीला ती मान खाली घालायला लावत नाही. उघड्या पोटरीत मुळात कमीपणा नाही. तो बघणाऱ्याने चिकटवलेला असतो.

म्हणून मला थोडं वाईटही वाटतं की महाडला ती पद्धत सोडावी लागली. चूक त्या नेसण्यात नव्हतीच.

पाणवठा

शंकासुर, तुमच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर द्यायला मी जरा दक्षिणेत जाते. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

त्रावणकोर संस्थानाचा दक्षिण भाग, नागरकोईलचा परिसर. तिथल्या चन्नार (म्हणजे नाडर) बायकांना छाती झाकायला बंदी होती. वरच्या जातींपुढे अंगाचा वरचा भाग उघडा ठेवणं हा आदर मानला जायचा. मिशनऱ्यांमुळे बऱ्याच जणी ख्रिस्ती झाल्या आणि अंगभर कपडा घालू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कर्नल मन्रो दिवाण असताना ख्रिस्ती झालेल्या बायकांना कुप्पायम घालायची परवानगी मिळाली. कुप्पायम म्हणजे सीरियन ख्रिस्ती बायका घालत तसला सदरा. पण या बायकांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. वरच्या जातीच्या नायर बायकांसारखं खांद्यावरून उपरणं घ्यायचं होतं. मग मारहाण झाली, भरबाजारात कपडे फाडले, शाळा आणि प्रार्थनाघरं जाळली. १८२९ मध्ये दरबाराने जाहीरनामा काढला: ख्रिस्ती बायकांनी सदरा घालावा, पण उपरणं नाही. प्रकरण विझलं नाही. १८५८-५९ मध्ये पुन्हा दंगली उसळल्या. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी दरबारावर दबाव आणला, आणि २६ जुलै १८५९ ला नवा जाहीरनामा निघाला.

त्यातली मेख बघा. सगळ्या चन्नार बायकांना अंग झाकायची परवानगी मिळाली. सदरा घाला, किंवा कोळणी बांधतात तसं जाडंभरडं कापड गुंडाळा. मात्र नायर बायकांसारखं घ्यायचं नाही.

बघा, दरबाराला लाजलज्जेशी काहीच देणंघेणं नव्हतं. झाका हवं तेवढं, फक्त सारखं दिसू नका. 'अनुकरण' या गोष्टीत किती दारूगोळा भरलाय हे सत्तेत बसलेल्यांना नेमकं कळत होतं. आपल्याला मात्र दीडशे वर्षांनी ते मिळमिळीत वाटतं.

दुसरं उदाहरण महाडनंतर अवघ्या काही दिवसांत छापून आलेलं. इंदूर भागातल्या कनाडिया, बिचोली वगैरे गावांतल्या सवर्णांनी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या बलाई समाजाला नियमांची यादी दिली. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात ती छापून आली, आणि लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेल्या १९३६ च्या 'अ‍ॅनाहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात बाबासाहेबांनी ती उतरवून घेतली. पुरुषांनी जरीकाठी पगडी घालू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसू नये. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, भारी झगे-जाकिटं घालू नयेत. बलाई ऐकेनात म्हटल्यावर त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं, गुरं चारायला बंदी घातली. धोतराच्या काठासाठी माणसांचं पाणी तोडलं! काठात काहीच नसतं तर एवढी उठाठेव कुणी केली असती का?

तुमचा दुसरा मुद्दा, सांगणारा पुरुष. तो राहतोच, मी झटकत नाही. पण नेसवायला बायका पुढे आल्या, आणि गावात त्याची किंमत मोजायची वेळ आली तेव्हा बाबासाहेब मुंबईला होते. सांगितलं म्हणून एक दिवस नेसता येतं. नंतर रोज सकाळी तीच पद्धत नेसून बाहेर पडायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं, म्हणजे जिचं तिने.

उसाचा_रस

केरळचा विषय निघालाय आणि नंगेलीचं नाव कुणीच घेतलं नाही? स्तनकर मागायला आलेल्या माणसाच्या पुढ्यात तिने स्वतःचे स्तन कापून ठेवले. याहून मोठं बंड कुठलं?

खडूफळा

उसाचा_रस, नंगेलीच्या बाबतीत जरा जपून. चेर्तलाच्या परिसरात ही गोष्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, ती जागाही दाखवतात. लोकस्मृती म्हणून तिला मोल आहेच. पण त्या काळचा कागद नाही. 'मुलक्करम' नावाचा कर होता, पण तो खालच्या जातींतल्या बायकांवरचा डोईपट्टीसारखा कर होता, अंग झाकण्यावरचा दंड नव्हता, असं अनेक अभ्यासक मांडतात. मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना नंगेली सांगतो ती 'लोक अशी गोष्ट सांगतात' म्हणून, आणि चन्नार बायका सांगतो त्या जाहीरनाम्याच्या तारखेसकट.

केरळचंच आणखी एक, महाडशी अगदी सख्खं नातं असलेलं. पुलया या अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या बायकांनी गळ्यात दगडा-काचेच्या मण्यांच्या माळा घालायच्या अशी रीत होती. त्याला कल्लुमाला म्हणत. सोनं घालायची सोय नव्हतीच. पुलयांचे पुढारी अय्यंकाळी यांनी त्या माळा फेकून द्यायला सांगितलं. १९१५ मध्ये कोल्लमजवळ पेरिनाडला यावरून दंगल झाली, पुलयांची घरं जळली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्लमला सभा झाली. त्या सभेत बायका एकेक करून पुढे आल्या आणि गळ्यातल्या माळा तोडून टाकत गेल्या. व्यासपीठावर मण्यांचा ढीग झाला. महाडच्या बारा वर्षं आधी.

आणि बंदीच्या याद्यांचं म्हणाल तर तमिळ मुलखातल्या रामनाडची १९३० ची यादी काढून वाचा. कल्लर जातीच्या मंडळींनी आदिद्रविडांवर (म्हणजे तिथल्या अस्पृश्यांवर) आठ मनाया घातल्या. सोन्याचांदीचे दागिने नकोत. पुरुषांचा कपडा गुडघ्याखाली जाता कामा नये आणि कमरेच्या वर येता कामा नये. कोट, शर्ट, बनियन नको. केस कापायचे नाहीत. घरात मातीचीच भांडी. बायकांनी रविक्कै (पोलकं) किंवा दावणीने (ओढणीने) अंग झाकायचं नाही, फुलं माळायची नाहीत. छत्री नको, वहाणा नकोत. वाचताना एखाद्या शिंप्याची मापांची वही चाळतोय असं वाटतं. कुणाच्या अंगावर काय, किती, कुठून कुठपर्यंत, सगळं इंचांत ठरवलेलं.



जर्सीकर

आमच्या इकडचं एक. रोझेल हे न्यू जर्सीतलं छोटं गाव. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या त्या इथल्या कार्पेंटर कुटुंबाकडे. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं होतं. त्यात, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला होता. त्यात पोशाखही आलाच. इथल्या थंडीत तो शब्द पाळणं म्हणजे काय हे आम्हाला दर जानेवारीत कळतं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या पुढे गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. गाऊन मात्र घातला नाही.

१८८५ चा तो प्रसिद्ध फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातल्या तिघी जणी: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि आपल्या देशी पोशाखात नटलेल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी डॉक्टर व्हायला आल्यात आणि तिघींनी आपापल्या घरचा कपडा घातलाय. माझ्या मुलीच्या खोलीत तो फोटो लावलाय. तिला मधली कोण, डावीकडची कोण हे पाठ आहे.

पण हा धागा वाचून एक जाणवलं. आनंदीबाईंना 'आपला' पोशाख जपायचा होता आणि महाडच्या बायकांना 'आपला' म्हणून लादलेला पोशाख टाकायचा होता. दोन्ही बंडं. आनंदीबाईंना जपण्याजोगं काही होतं, ते ब्राह्मण घरात जन्मल्या म्हणून.

आणखी एक मुंबईचं. ज्ञानदानंदिनी देवी, सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी. सत्येंद्रनाथ इंग्रजांच्या सनदी सेवेतले (आयसीएस) पहिले भारतीय, नेमणूक मुंबई इलाख्यात. त्या काळी बंगाली बाई घरात नुसती एक साडी गुंडाळायची, तीत बाहेर पडायची सोय नव्हती. मुंबईला निघताना फ्रेंच शिंप्याकडून कसला तरी 'पौर्वात्य' पोशाख शिवून घेतला, तो त्यांना एकटीला घालताही येईना. मुंबईत माणेकजी कर्सेटजींच्या घरी राहून त्यांनी पारशी बायकांची साडी पाहिली, तीत थोडा फेरफार केला, खाली परकर, वर पोलकं, पदर डाव्या खांद्यावर. कलकत्त्याला परतल्यावर ही पद्धत शिकवीन अशी मासिकात जाहिरात दिली. तिकडे त्याला 'बोंबाई दस्तूर' म्हणत. आज देशभर जी साडी 'पारंपरिक' म्हणून नेसली जाते तिच्या जडणघडणीत हा मुंबईचा मुक्काम आहे. 'परंपरा' म्हणून अंगावर येणाऱ्यांना ही माहिती जरूर द्यावी.

शंकासुर

जाहीरनाम्याचा मुद्दा जोरदार आहे, मानलं. तरी माझी शंका जागेवर आहे, आता दुसऱ्या अंगाने मांडतो.

१८५१ मध्ये अमेरिकेत अमेलिया ब्लूमर आणि मंडळींनी आखूड झग्याखाली ढगळ विजार घालायला सुरुवात केली. मूळ कल्पना एलिझाबेथ स्मिथ मिलरची, पण ब्लूमरबाईंनी आपल्या वर्तमानपत्रात छापून गाजवली म्हणून नाव त्यांचं लागलं. सोयीचा कपडा होता. जिना चढताना एका हातात मूल, एका हातात दिवा, आणि झगा उचलायला तिसरा हात लागत नाही. पण एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी दोनेक वर्षांतच तो सोडला. का? तर सभेत त्या मताधिकारावर बोलायच्या आणि लोक विजारीवर बोलायचे. पोरं मागे लागायची, वर्तमानपत्रं व्यंगचित्रं काढायची.

कपड्याचं बंड हे असं असतं. दिसतं पटकन, म्हणून सगळं लक्ष खाऊन टाकतं. महाडच्या भाषणातलं शिक्षण मागे पडून लुगडं पुढे आलं तर तेच होईल. या धाग्यातही तेच होतंय.

कापडबाजार

शंकासुर, ब्लूमरबाईंकडे लोक बघायला लागले, म्हणून अडचण झाली. महाडच्या बायकांकडे लोक आधीच बघत होते. लुगडं खाली आलं ते ते बघणं थांबावं म्हणून. तुमचं उदाहरण उलट्या बाजूने लागू पडतंय.

मांडवी_काठ

गोंयचें थोडें. पोर्तुगीज अमलात इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांना जुने रीतिरिवाज पाळायला बंदी घातली. लग्नातली गाणी, विडे-फुलं वाटणं, अंगणातली तुळस, आणि कपडेही. पुरुषांचं धोतर (पुडवें) आणि बायकांची चोळी त्या यादीत होती. तरी ख्रिस्ती बायकांनी पानो-भाजूसारखा स्वतःचा पोशाख घडवलाच. तो पुरता पोर्तुगीज नाही आणि पुरता हिंदूही नाही. मांडो नाचताना तो अजून घालतात.

आणि आमच्या कुणबी-गावडे बायकांचं कापड: तांबड्या चौकटींचं, गुडघ्याच्या आसपास संपणारं, खांद्यावर गाठ, आत चोळी नाही. शेतात राबायला बरं. शिकल्या-सवरल्या घरांत त्याला नाकं मुरडायचे. मग फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते फॅशनच्या मंचावर नेलं आणि आता 'कुणबी साडी' म्हणून दुकानात तिची किंमत विचारायला धीर लागतो. ज्या बायका खरंच तशी नेसत होत्या त्यांच्या नाती ती विकत घेऊ शकत नाहीत. किनारपट्टी म्हणतात तसं, कमीपणा कपड्यात नसतो. पण मोठेपणाही कपड्यात नसतो म्हणायचा. मंचावर कोण चढवतं त्यावर सगळं.

सातवी_यत्ता

बराच वेळ नुसती वाचत होते, आता लिहिते.

आमचं घर विदर्भातलं, महाडपासून लांब. चळवळ गावात आली तेव्हा दागिन्यांची गोष्टही आली. माझी पणजी, म्हणजे आजीची सासू, लुगडं खाली सोडायला लगेच तयार झाली. पाटल्या काढायला मात्र तयार नव्हती. कथलाच्याच होत्या, कोपरापर्यंत. तिच्या आईने लग्नात घातलेल्या. मंडळाचे कार्यकर्ते घरी येऊन समजावून गेले, तरुण पोरं होती ती. तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की यातली एक तरी तुझ्या आईने दिली असती तर मी तुझं ऐकलं असतं.

पुढे काढल्या तिने, पण स्वतःच्या वेळेने. आणि काढल्यावर हात हलके वाटतात म्हणून तक्रार करत राहिली.

हे यासाठी सांगतेय की 'जातीची खूण' हे बाहेरून बघणाऱ्याचं म्हणणं झालं. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण जिच्या अंगावर ते होतं तिला त्याच कथलात आपण नटलोय असंही वाटत होतं. तिला मिळेल त्या धातूत तिने हौस केली होती. शंकासुर, तुम्ही 'बायकांचं स्वतःचं काय' विचारलंत ना? माझ्या मते स्वतःचं दोन्हीकडे होतं, घालण्यात आणि काढण्यात. त्यामुळेच काढणं सोपं नव्हतं.

दुपारची_झोप

सातवी_यत्ता, पणजींना दंडवत. ते पोरगं चहा पिऊन निघालं तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता.

पाणवठा

सातवी_यत्ता, हे मूळ लेखातच असायला हवं होतं इतकं नेमकं लिहिलंत. दागिन्याची हौस चळवळीच्या लिखाणात नेहमी 'अज्ञान' या खात्यात जमा होते.

शंकासुर यांच्या ब्लूमरच्या मुद्द्यावर एक. शिक्षण मागे पडलं नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, आणि हजारो बायका आल्या होत्या. तिथल्या ठरावांत काडीमोडाचा हक्क होता, बहुपत्नीत्वाला विरोध होता, गिरणीतल्या बायकांच्या रजा आणि भरपाई होती, कायदेमंडळात राखीव जागा होत्या. महाडला लुगडं नेसायला शिकलेल्यांच्या पाठोपाठची ही पिढी. परिषद पाहून बाबासाहेबांनी बायकांच्या आत्मविश्वासाबरोबर त्यांच्या नीटनेटक्या कपड्यांचंही कौतुक केलं. पंधरा वर्षांनीसुद्धा कपडे त्यांच्या डोळ्यांतून सुटले नव्हते! ठराव मांडणाऱ्या बाईला लोक काय नेसलीय हे विचारतात ही अडचण आजही आहे, पण म्हणून तिने काय नेसायचं हा प्रश्न सोडून द्यायचा का?

आणखी एक कपडा राहिला. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. धम्मदीक्षेला पांढरे कपडे घालून यायचं होतं. बायका पांढऱ्या साड्यांत आल्या.

दुपारची_झोप

पांढऱ्या साडीवर थांबा जरा. आपण तिच्याकडे शांततेचा वगैरे रंग म्हणून बघतो. पण त्या काळच्या हिंदू घरात नवरा जिवंत असलेली बाई पांढरं नेसत नसे. पांढरं विधवेचं. ब्राह्मणांत केशवपन केलेल्या विधवेला लाल आलवण आणि बाकी ठिकाणी पांढरं, पण सवाष्णीने नेसलं तर घरात आरडाओरडा व्हायचा, 'कुणाच्या मरणावर उठलीस' म्हणून. अशा समाजातल्या हजारो सवाष्णी नवऱ्याच्या शेजारी पांढरं नेसून उभ्या राहिल्या. मला तरी यात बावीस प्रतिज्ञांच्या आधीच दिलेली एक प्रतिज्ञा दिसते.

विधवांचे केस हा तर स्वतंत्र धाग्याचा विषय. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं होतं. वस्तऱ्यानेच संप केला! कुणीतरी लिहा त्यावर.

खडूफळा

लिहितो. दिवाळीची सुट्टी लागू द्या.

शंकासुर

पांढऱ्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही, पण असा जोडून पाहिला नव्हता. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही: सगळ्यांनी एका दिवशी एकच रंग घातला की तो गणवेश झाला. आणि गणवेशात आत्माविष्कार शोधणं मला जड जातं.

सातवी_यत्ता

शंकासुर, आजी त्या दिवशी दीक्षाभूमीवर होती. ती पांढरी साडी तिने जपून बिपून अजिबात ठेवली नाही. दर धुण्याला नीळ घातली, सणाला नेसली, बाजाराला नेसली, आणि काठ फाटल्यावर निंदणीला नेसली. शेजारणीने टोकलं की नवरा असून हे काय, तर म्हणायची, त्यालाच विचार, पैसे त्यानेच दिलेत. गणवेश इतका कुणी वापरतं का, तुम्हीच सांगा.